डावीकडे सावळे, उजवीकडे गोरे

निकाल जाहीर झाला होता, चहाचे कप रिकामे होत आले होते आणि लोक आपापले प्रिंट खोक्यांत भरत होते. तेव्हा दुसऱ्या क्रमांकाचा मानकरी ठरलेला तरुण माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "सर, मूळ रंगीत फोटो बघायचाय?" भिंतीवर लागलेले त्याचे छायाचित्र एका वृद्धेचे होते. मागे गडद अंधार, त्यातून पुढे आलेला काळाभोर चेहरा, कोरून काढल्यासारख्या सुरकुत्या आणि रडून थकल्यासारखे अर्धवट मिटलेले डोळे. मोबाइलच्या पडद्यावर मात्र मिरजेच्या बाजूचा आठवडे बाजार भर उन्हात भरलेला होता. डोक्यावर बांधलेला गुलाबी प्लॅस्टिकचा कागद, पुढ्यात हिरव्या मिरच्यांचा ढीग, अंगावर निळे लुगडे, आणि मधोमध गव्हाळ रंगाची एक आजी उन्हामुळे डोळे किलकिले करून चक्क हसत होती. ते हसू कृष्णधवल प्रिंटमध्ये ओठांच्या कोपऱ्यांतल्या सावलीत बुडून गेले होते. तरुणाने मोकळ्या मनाने कृती सांगितली: "ऑरेंजचा स्लायडर पूर्ण डावीकडे नेला, क्लॅरिटी वाढवली आणि मागचं सगळं काळं करून टाकलं." फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक रंग किती उजळ यावा हे ठरवणारी एक सरकपट्टी, म्हणजे स्लायडर, असतो. त्वचेचा रंग मोडतो नारिंगीत, त्यामुळे ऑरेंजचा स्लायडर डावीकडे नेला की चेहरा गडद होतो, उजवीकडे नेला की उजळ. मग हसत हसत पुढे म्हणाला, "लग्नाच्या ऑर्डरी असल्या की हाच स्लायडर उजवीकडे न्यावा लागतो, सर." मीही हसलो.

त्या वाक्यात त्याला काही वावगे वाटले नव्हते, आणि त्या क्षणी मलाही वाटले नव्हते.

स्पर्धा तशी घरगुतीच म्हणायची. सांगलीतल्या हौशी छायाचित्रकारांचा एक गट आपापसांत कृष्णधवल छायाचित्रांची मैत्रीपूर्ण स्पर्धा भरवतो. बक्षीस म्हणजे एक प्रशस्तिपत्र आणि सर्वांसमक्ष झालेली थोडी स्तुती. परीक्षक आम्ही तिघे होतो: शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या बाई, उभे आयुष्य वृत्तपत्रासाठी फोटो काढण्यात घालवलेले एक ज्येष्ठ छायाचित्रकार, आणि एकेकाळी घरच्या न्हाणीघरात डार्करूम थाटण्याचे वेड असलेला मी. बारा बाय अठराचे प्रिंट लांबलचक टेबलावर ओळीने मांडलेले होते. मागे नाव नव्हते, फक्त क्रमांक होता. पण एवढ्याशा गटात कोणाचा डोळा कुठे रेंगाळतो हे सगळ्यांनाच ठाऊक असते, त्यामुळे ते क्रमांक शिष्टाचारापुरतेच होते. संध्याकाळ झाल्यावर ट्यूबलाइट लावल्या आणि निम्म्या प्रिंटांवर हिरवट झाक दिसू लागली. आताचे कृष्णधवल प्रिंट बहुधा रंगीत लॅबमध्ये, रंगीत फोटोच्याच कागदावर निघतात. जुन्या कृष्णधवल प्रिंटमधले चित्र चांदीच्या कणांचे असे; या कागदावरच्या चित्रात चांदी उरत नाही. तीन रंगद्रव्यांचा मेळ घालून करडा रंग तयार केलेला असतो, आणि तो मेळ किंचित ढळला की करड्याला हिरवी नाहीतर जांभळी झाक येते. बाई एकेक प्रिंट उचलून खिडकीपाशी नेत, उरल्यासुरल्या उजेडात उलटा धरत आणि काळ्या-पांढऱ्याचे वजन कुठे कलते आहे ते पाहत. चित्र उलटे केले की त्यातला माणूस, देऊळ, झाड हे सारे नाहीसे होते आणि फक्त आकार उरतात. वृत्तपत्रातले गृहस्थ प्रिंट सरळच धरत आणि दर वेळी एकच प्रश्न विचारत: "हे कुठलं आणि कधीचं?"

वारी असणार हे गृहीतच होते. पांढरे धोतर, पांढरी टोपी, कपाळावर काळा बुक्का आणि उन्हाने रापलेले चेहरे. कृष्णधवल करणाऱ्याचे निम्मे काम वारकऱ्यांनीच करून ठेवलेले असते, म्हणूनच की काय, वारीचे वाईट छायाचित्र सहसा निघत नाही आणि चांगलेही क्वचितच निघते. आयर्विन पुलावरचे धुकेही होते. ते बरे होते, पण कृष्णेवरच्या हिवाळी पहाटे रंग असतोच कुठे, की तो काढून टाकल्याचे श्रेय कोणाला द्यावे? खरी पंचाईत झाली ती भंडाऱ्याची आणि हळदीची. जेजुरीच्या पायऱ्यांवर उधळलेला भंडारा रंगांतून करड्यात आणला की त्याचा धूर होतो, आणि कुठेतरी आग लागली असावी असे वाटू लागते. एकाने तर मार्केट यार्डातल्या हळदीचे ढीग आणले होते आणि ते सिमेंटसारखे दिसत होते. यात त्याचा फारसा दोष नाही. रंगीत चित्राचे करडे चित्र करण्याच्या एका रूढ सूत्रात हिरव्याचा वाटा सुमारे ५९ टक्के, तांबड्याचा ३० आणि निळ्याचा ११ टक्के धरतात. पिवळा म्हणजे तांबडा अधिक हिरवा, त्यामुळे तो पांढऱ्याच्या अगदी जवळ जाऊन बसतो. पण सूत्र माहीत असो वा नसो, हळदीतून पिवळा काढून टाकल्यावर तिथे काय उरणार आहे हा विचार शटर दाबण्यापूर्वी करायचा असतो. रघुवीर सिंह यांच्यासारख्या मोठ्या छायाचित्रकाराने कृष्णधवलाचा दबदबा असलेल्या काळात हट्टाने रंगीत फिल्मवरच हा देश टिपला, कारण रंग वगळून इथले जगणे सांगता येत नाही अशी त्यांची धारणा होती. मला ती धारणा पूर्णपणे पटत नाही, पण सांगलीच्या हळदीपुढे उभा राहिलो की पटते.

पहिला क्रमांक कोणाला द्यायचा यावर मात्र वाद झालाच नाही. एका जुन्या घराचे स्वयंपाकघर, छपरातल्या काचेच्या कौलातून तिरका उतरलेला उजेड, त्या उजेडात थबकलेला चुलीचा धूर आणि खाली मांडणीवर ओळीने लावलेली भांडी. प्रत्येक भांड्याच्या काठावर पांढऱ्याची वेगळी मात्रा होती आणि काळोखातही तपशील शिल्लक होते. बाईंनी ते उलटे धरले तेव्हाही ते तितकेच भरीव वाटले, आणि वृत्तपत्रवाल्यांनी त्याच्यापुरता आपला प्रश्न विचारला नाही. त्यात कोणाचाही चेहरा नव्हता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. न्यायनिवाडा त्यामुळेच सोपा गेला असावा.

चेहरे आले की गोष्ट अवघड होते. एका प्रवेशिकेत सगळे चित्र कृष्णधवल ठेवून आजीच्या कपाळावरचे कुंकू तेवढे लाल ठेवले होते. आमच्या नियमावलीत आंतरराष्ट्रीय छायाचित्र-कला महासंघाची, म्हणजे फियापची, व्याख्या उतरवून घेतलेली आहे: काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या करड्या छटांचे चित्र एकवर्णी; ते संपूर्णपणे एकाच रंगाच्या झाकेत रंगवले तरी एकवर्णीच; पण काही भागापुरती झाक दिली किंवा एखादा रंग वरून भरला की ते रंगीत ठरते. लाल कुंकवाची ती प्रवेशिका अशा रीतीने बाद झाली, आणि ती तशी फार चांगलीही नव्हती. पण चित्र बाद झालेल्या बाईंनी नंतर जे विचारले त्याचे उत्तर आम्हा तिघांकडेही नव्हते. "मग कुंकू दाखवायचं कसं? काळंपांढरं केलं की ते दिसतच नाही." त्यांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. गव्हाळ-सावळ्या कपाळाची करडी छटा आणि लाल कुंकवाची करडी छटा कित्येकदा तंतोतंत जुळतात आणि कपाळ मोकळे दिसू लागते. आपल्याकडे मोकळ्या कपाळाचा काय अर्थ घेतला जात असे ते वेगळे सांगायला नको. तांबड्या रंगाला आंधळ्या असलेल्या जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर हेच कुंकू ठसठशीत काळे येत असे, म्हणून आजी-पणजींच्या जुन्या फोटोंत ते इतके उठून दिसते. फोटोचा ब्रोमाइड कागदही तांबड्याला तसाच आंधळा असतो, आणि त्या आंधळेपणाच्या भरवशावरच आम्ही डार्करूममध्ये लाल दिवा लावून बसत असू. उलट कॅमेऱ्याच्या भिंगावर लाल फिल्टर चढवून सगळ्या रंगांना प्रतिसाद देणाऱ्या साध्या पँक्रोमॅटिक फिल्मवर फोटो काढला, तर तेच कुंकू पांढुरके होऊन जाते. म्हणजे एकच कपाळ, एकच कुंकू, आणि ते काळे दिसावे, पांढुरके दिसावे की नाहीसे व्हावे, हे फिल्म आणि काच ठरवणार.

लाल दिव्याच्या उल्लेखासरशी मला आमच्या पेठेतला एक स्टुडिओ आठवतो. तिथले काका मला मागच्या खोलीत बसू देत, अट एकच: दार उघडायचे नाही. हायपोचा दर्प, स्टॉप बाथचा आंबट वास, आणि डेव्हलपरच्या थाळीत कोऱ्या कागदावर आधी केस, मग डोळे, मग सगळ्यात शेवटी गाल उमटत जाणे, याचे वर्णन फोटोच्या प्रत्येक हौशी माणसाने कुठे ना कुठे केलेले आहे, म्हणून मी ते लांबवत नाही. मला त्याहून जास्त आठवते ते बाहेरच्या खोलीतले तिरपे मेज. त्याच्या मधोमध दुधी काच बसवलेली, खाली उजेड वर फेकणारा आरसा, आणि काचेवर ठेवलेली निगेटिव्ह. काका निगेटिव्हवर आधी एक चिकटसर द्रव हलक्या हाताने चोळत, म्हणजे शिसे धरून राहावे, आणि मग सुईसारखे टोक काढलेल्या पेन्सिलीने चेहऱ्यावर बारीक बारीक रेघोट्या, ठिपके, स्वल्पविराम भरत बसत. डोळ्यांखालची वर्तुळे, गालावरचे वण, नाकाच्या कडेची सावली असे सगळे त्या पेन्सिलीखाली जाई. निगेटिव्हमध्ये उलटा कारभार असतो. तिथे जितके काळे भराल तितके कागदावर उजळ येते. लग्नासाठी दाखवायच्या फोटोंवर काकांचा सगळ्यात जास्त वेळ जाई, आणि मुलीच्या आईवडिलांनी आगाऊ काही सांगितलेले नसले तरी काय करायचे आहे ते त्यांना ठाऊक असे. मुलगी सावळी असली की पेन्सिल लवकर झिजे. लहानपणी मला हे जादूसारखे वाटे, आणि कारागिरी म्हणून पाहिले तर आजही वाटते. इतक्या बारीक हाताने चेहऱ्याचा रंग बदलणारी, तरीही चेहरा ओळखू येईल एवढी राखणारी नजर मी नंतर फारशी पाहिली नाही.

आठवडे बाजारातल्या आजीचे चित्र आणि काकांची पेन्सिल यांना मी कधी एकत्र ठेवून पाहिलेच नव्हते. त्या तरुणाच्या बोलण्याने ते घडले. उपवर मुलीचा चेहरा उजळ करायचा, कारण तो तसा असल्याशिवाय तिचे काम होणार नाही. गरीब म्हाताऱ्या बाईचा चेहरा काळवंडायचा, कारण तसा केल्याशिवाय छायाचित्राचे काम होणार नाही. अवजार एकच, फक्त दिशा वेगळी. आणि कोणाला कोणत्या दिशेने न्यायचे हे ज्याच्या त्याच्या सामाजिक पायरीवरून इतके आपोआप ठरते की ते ठरवल्याचेही जाणवत नाही. ही सवय त्या तरुणाने शोधून काढलेली नाही. त्या संध्याकाळच्या टेबलावर शेतकऱ्यांचे, गोसाव्यांचे, मजुरांचे जेवढे चेहरे होते, जवळजवळ ते सगळे असेच गडद आणि रखरखीत केलेले होते. आणि गटातल्या सभासदांनी आपल्या मुलाबाळांची, नातवंडांची जी थोडी चित्रे दिली होती, त्यांत त्वचा मऊ, उजळ आणि प्रसन्न होती.

त्वचेला करड्याच्या कुठल्या पायरीवर बसवायचे हा प्रश्न तसा जुनाच. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सभासदांत होते. त्या काळी फिल्मऐवजी वापरली जाणारी, रसायन लावलेली काच फक्त निळ्या-जांभळ्या उजेडाला प्रतिसाद देई. त्यामुळे आकाश कोरे पांढरे येई, आणि तांबूस-तपकिरी छटांची भारतीय त्वचा असेल त्यापेक्षा काळी येई. तिथे छायाचित्रकाराचा काही इलाज नव्हता. पुढे १९३९-४०च्या सुमारास अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांच्या पायऱ्या पाडणारी झोन पद्धत बसवली: शून्य म्हणजे निखळ काळा, दहा म्हणजे कागदाचा कोरा पांढरा, पाचवी पायरी मधल्या करड्याची, आणि उन्हातल्या गोऱ्या युरोपीय त्वचेला सहावी पायरी. मी ही पद्धत तरुणपणी मोठ्या श्रद्धेने घोकली. आमच्या पेठेतून एक फेरी मारली तरी चौथीपासून सहावीपर्यंतच्या सगळ्या पायऱ्यांचे चेहरे भेटतील, ही साधी गोष्ट घोकताना मनात आली नाही. स्पर्धेच्या गुणपत्रिकेवरही आम्ही दहापैकीच गुण देतो, हा निव्वळ योगायोग. पण त्या रात्री झोप येईपर्यंत त्या दोन दहांनी माझा पिच्छा सोडला नाही.

पण म्हणून स्लायडरला नावे ठेवून मी मोकळा होऊ शकत नाही. उजळ-गडद करणे हा कृष्णधवल कलेचा अपघात नसून तिचा गाभाच आहे. अमेरिकन छायाचित्रकार यूजीन स्मिथ एकेका प्रिंटवर तासन्तास घालवत, हवा तो भाग जास्त उजेड देऊन गडद करत आणि प्रिंट फिकट करणारे पोटॅशियम फेरिसायनाइड लावून डोळ्यांतला, कपाळावरचा उजेड वर काढत. त्यांच्या छायाचित्रांचा ठाव घेणारा काळोख तिथेच जन्माला आला. अमेरिकेच्याच छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी १९३६ साली कॅलिफोर्नियात टिपलेल्या स्थलांतरित आईच्या विख्यात छायाचित्रातला कोपऱ्यातला अंगठा पुढे निगेटिव्हवर पुसट करण्यात आला, आणि त्याने चित्र बिघडले असे कोणी म्हणत नाही. मला त्या छायाचित्रातली दुसरीच गोष्ट जास्त बोचते. त्या बाईचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे जगाला कळायला १९७८ साल उजाडावे लागले, आणि या चित्रातून आपल्याला कधी काही मिळाले नाही अशी तिची तक्रार होती. अंगठ्याचा हिशेब तज्ज्ञांनी ठेवला.

आमच्या तिघांतही त्या संध्याकाळी आजीच्या चित्रावरून थोडे झाले होते, ते रंगीत मूळ चित्र पाहण्याच्या आधी. बाईंनी त्याला सर्वाधिक गुण दिले. काळ्यातून बाहेर येणारा तो त्रिकोणी आकार त्यांना पहिल्या क्रमांकाच्या तोडीचा वाटला होता. वृत्तपत्रवाल्यांनी सर्वांत कमी दिले आणि कारण सांगितले, की ही बाई कोण, कुठे बसली आहे, काय करते आहे, यातले काहीच चित्र सांगत नाही, नुसते दुःख सांगते. मी मधले गुण दिले होते, आणि बेरजेत ते दुसरे आले. मूळ चित्र पाहिल्यानंतरही मी माझे गुण बदलणार नाही, कारण समोर आलेल्या कागदावर जे होते ते खरोखरच ताकदीचे होते, आणि परीक्षकाने कागदाकडे पाहायचे असते. तरीही त्या कागदाच्या ताकदीचा बराचसा भाग आजीच्या हसण्यातून वसूल केलेला होता, ही जाणीव गुणपत्रिकेच्या कोणत्या रकान्यात लिहायची, ते मला उमगलेले नाही.

निघताना वृत्तपत्रवाल्यांनी त्या तरुणाला त्यांच्या सवयीने विचारले, "त्या बाईंना दाखवलास का फोटो?" त्याने दाखवला नव्हता. पण पोरगा गुणी. पुढच्या बाजाराच्या दिवशी तो दोन्ही प्रिंट, कृष्णधवल आणि रंगीत, घेऊन गेला आणि रात्री त्याने मला फोन केला. आजीने कृष्णधवल प्रिंट हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि विचारले, "ही कोन म्हातारी म्हनायची?" शेजारच्या कांदेवालीने सांगितल्यावर तिला पटले, पण तो प्रिंट तिने परत केला. रंगीत ठेवून घेतला. त्यात मिरच्या दिसत होत्या, लुगडे दिसत होते. मग त्याला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "जरा उजळ करता येतंय का बघ की लेका." मी तोवर मनातल्या मनात त्या आजीची बाजू घेऊन बराच संताप साठवून ठेवला होता, तिच्या प्रतिष्ठेवर एक लहानसे भाषणही तयार होते, आणि तिने स्वतःच स्लायडर उजवीकडे ढकलायला सांगितले. त्या तरुणाने अर्थातच तसा प्रिंट काढून दिला. हे ऐकून मी हसलो, पण काकांच्या पेन्सिलीचे टोक त्या हसण्यात कुठेतरी टोचत राहिले.

पुढच्या स्पर्धेचे नियम ठरवायला आम्ही बसलो तेव्हा कोणीतरी सुचवले, की प्रत्येक प्रवेशिकेबरोबर मूळ रंगीत फाइल मागवावी. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या जागतिक वृत्तछायाचित्र स्पर्धेत अखेरच्या टप्प्यात मूळ फाइली तपासतात, मग आपण का तपासू नयेत? मी विरोध केला. तिथे बातमीच्या खरेपणाचा प्रश्न असतो. इथे परीक्षकांनी रंगीत चित्र आधी पाहिले तर ते कृष्णधवल चित्रात रंगच शोधत बसतील. शिवाय रंगीत चित्र खरे असते हा तरी कुठला भरवसा? हल्लीच्या मोबाइलमध्ये चेहरा उजळ करण्याची सोय कारखान्यातूनच बसवून येते. त्याऐवजी गुण देऊन झाल्यावर, निकालाच्या वेळी, मूळ चित्र सर्वांसमोर पडद्यावर दाखवावे आणि काय केले व का केले हे छायाचित्रकाराने स्वतः सांगावे, असे मी सुचवले. वृत्तपत्रवाल्यांनी त्यात भर घातली, की ज्याचा चेहरा आहे त्याला एक प्रिंट पोचवावा. बाईंची मागणी सर्वांत साधी होती, परीक्षण दिवसाउजेडी ठेवण्याची, आणि ती सर्वांत आधी मंजूर झाली. माझ्या सूचनेवर मात्र तो तरुणच उठला. "मग उद्या लग्नाच्या फोटोंचंही मूळ दाखवा म्हणाल, सर. ऑर्डरी जातील माझ्या." सगळे हसले. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. नियम स्पर्धेपुरताच आहे असे त्याला सांगून आम्ही पुढच्या विषयाकडे, म्हणजे प्रवेशशुल्क ठेवायचे की नाही याकडे, वळलो.